कुंपणाशिवायची शेतं: लॅक्स्टन गावाचा वारसा चालतो तरी कसा?

तुकडेबंदी कायद्यात बदल होणार अशी बातमी आली की आपल्याकडे एक जुना वाद पुन्हा उकरून निघतो. दोन एकर इथे, वीस गुंठे ओढ्यापलीकडे, पाच गुंठे भावकीच्या वाटणीत अडकलेले. अशी विखुरलेली शेती परवडत नाही, हे बहुतेकांना मान्य असतं. १९४७ सालच्या मुंबई प्रांताच्या कायद्याने तर तुकडे पाडायला प्रतिबंध आणि पडलेल्या तुकड्यांचं एकत्रीकरण, हे दोन्ही उद्देश नावातच घेतले. अशा वेळी इंग्लंडमध्ये एक गाव आहे, तिथे शेतकऱ्यांच्या जमिनी मुद्दाम विखुरलेल्या ठेवल्यात, त्यांच्यामध्ये कुंपण नाही आणि यालाच तिथे मोलाचा वारसा म्हणतात, असं कोणी सांगितलं तर चक्रावायला होतं.

गावाचं नाव लॅक्स्टन. नॉटिंगहॅमशायर परगण्यात, शेरवुडच्या जंगलपट्ट्याच्या पूर्वेला, भारी लाल चिकणमातीच्या चढउतारांवर ते वसलंय. एक चर्च, एक पब, एक जुना किल्ल्याचा टेकाड आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल विटांची शेतघरं. दिसायला मिडलँड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या, इतर गावांसारखंच. वेगळेपण आहे ते गावाबाहेरच्या तीन मोठ्या शेतांत आणि ती कशी कसायची याच्या नियमांत. मध्ययुगातली खुली शेतीपद्धत आपल्या पंचायतीसह आजही चालू असलेलं इंग्लंडमधलं हे एकमेव गाव मानलं जातं.

खुलं शेत म्हणजे नेमकं काय

आधी एक गैरसमज बाजूला करू. खुलं शेत म्हणजे कोणाचंही नसलेलं शेत नव्हे. शेकडो एकरांचं एक विस्तीर्ण शेत घ्यायचं, त्याच्या लांबट पट्ट्या पाडायच्या आणि प्रत्येक पट्टी एका ठरावीक शेतकऱ्याकडे द्यायची. पट्ट्यांमध्ये ना काटेरी कुंपण, ना दगडी बांध. कडेची सरी आणि टोकाची मेख एवढीच हद्द. एका शेतकऱ्याच्या पट्ट्या एका जागी नसतात. तिन्ही मोठ्या शेतांत, वेगवेगळ्या उतारांवर त्या विखुरलेल्या असतात. चांगली जमीन एकाकडे आणि पाणथळ दुसऱ्याकडे, असं होऊ नये हा त्यातला साधा हिशेब. गारपीट, रोग, पूर यांची जोखीमही त्यामुळे वाटली जाते.

लॅक्स्टनची ही तीन शेतं म्हणजे वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. तिन्ही मिळून आज सुमारे ४८० एकर भरतात. गावाच्या एकूण जमिनीचा हा लहान भाग. उरलेली जमीन इतर ठिकाणांसारखी कुंपणाच्या आतली आहे आणि तीही हेच शेतकरी कसतात. म्हणजे खुल्या शेतावरच सगळं पोट अवलंबून नाही. ‘आजच्या काळात हे परवडतं कसं’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

तीन शेतं, तीन वर्षं

पट्टी तुमची असली तरी तिच्यात काय पेरायचं हे सर्वस्वी तुमच्या हातात नसतं. अख्ख्या शेताला एक क्रम लावलेला आहे. पहिल्या वर्षी शरद ऋतूत पेरलेला हिवाळी गहू. दुसऱ्या वर्षी वसंतात पेरायचं पीक: बार्ली, ओट, घेवडावर्गीय शेंगा, यांपैकी काहीही. तिसऱ्या वर्षी पड. एक शेत गव्हात असतं तेव्हा दुसरं वसंत पिकात आणि तिसरं पडीक. दरवर्षी चाक एक घर पुढे सरकतं.

आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना हे चटकन उमजेल. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे फड पाडलेले, एका फडात एका हंगामात एकच पीक, बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी आणि दरवर्षी पिकांची अदलाबदल. तिथे शिस्तीचं कारण पाणी होतं: ऊस आणि भुसार एकाच फडात मिसळले तर पाटकऱ्याला पाणी वाटता येणार नाही. लॅक्स्टनला पाणी आभाळातून भरपूर पडतं. तिथलं कारण होतं जनावरं. कापणी झाली की अख्खं शेत मोकळं व्हायचं आणि गावाची मेंढरं-गुरं त्यात सोडली जायची. उरलेली धाटं, सांडलेलं धान्य आणि तण हे त्यांचं खाणं, त्यांची लेंडी-शेण हे जमिनीचं खत. आता मध्येच एकाने उशिरा येणारं पीक लावलं तर? कुंपण नसल्याने त्याचं पीक तरी खाल्लं जाणार किंवा सगळ्या गावाची चराई तरी अडणार. म्हणून सगळ्यांनी एकच क्रम पाळायचा.

चराईचा तो भाग आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. पडीच्या वर्षातही सक्तीने उघडी जमीन ठेवावी लागत नाही. क्लोव्हरसारखं चाऱ्याचं पीक घेण्याची सूट मिळते. पण क्रम तोच.

पट्टी लांब का आणि वाकडी का

पट्टीचा आकार नांगराने ठरवलाय. आठ बैलांची जोडणी आणि तिच्यामागे जड नांगर, असं लांबलचक लटांबर वळवणं म्हणजे डोकेदुखी. त्यामुळे जितकी कमी वळणं तितकं बरं, म्हणून पट्टी लांब. साधारण मापाची लांबी एक फर्लांग, म्हणजे २२० यार्ड किंवा २०१ मीटर. इतक्या लांबीला २२ यार्ड रुंदी दिली की बरोबर एक एकर भरतो. ही रुंदी म्हणजे एक साखळी, ६६ फूट. एडमंड गुंटरने १६२० च्या सुमारास मोजणीची साखळी याच लांबीची केली. कंपनी सरकारच्या काळात मुंबई इलाख्यात मोजणी झाली तेव्हा तिची निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरात आली आणि ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आपल्या गावातल्या जमिनीचा भाव ज्या मापात बोलला जातो ते इंग्लिश नांगरटीच्या पट्टीवर बेतलेलं आहे, एवढं ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता वाकडेपणा. नांगराचं पंख एकाच बाजूचं, मातीची लादी नेहमी उजवीकडे पालथी घालणारं. नांगरणारा पट्टीच्या मधोमध सुरुवात करायचा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फेऱ्या मारत कडेकडे जायचा. प्रत्येक फेरीत माती मध्याकडे पडायची. पिढ्यान्‌पिढ्या असं केल्यावर पट्टीचा मध्य उंच वरंबा झाला आणि दोन पट्ट्यांमधली कड खोल सरी झाली. चिकणमातीत ही सरीच पाण्याचा निचरा करायची. ओल्या वर्षी गहू वरंब्यावर तरायचा, सरीत सडायचा. बैलांचं लटांबर टोकाशी वळवायला वेळ लागायचा, म्हणून टोक यायच्या आधीच ते थोडं डावीकडे घ्यायला सुरुवात व्हायची. त्यातून पट्टीला उलट्या इंग्रजी एस अक्षरासारखा बाक आला. मिडलँड्समधल्या कित्येक गावांत शेतं पुढे कुरणं झाली तरी गवताखाली हे बाकदार वरंबे तसेच आहेत. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सावल्या पडल्या की ते स्पष्ट दिसतात. गंमत अशी की लॅक्स्टनच्या चालू खुल्या शेतांत मात्र ट्रॅक्टरने सगळं सपाट केलंय. वरंबे बघायचे तर नांगर न लागलेल्या गवताळ जमिनीतच बघावे लागतात.

पट्टीच्या टोकाला नांगर वळवायची आडवी जागा असते, हेडलँड. वाद बहुतेक इथूनच सुरू होतात. त्याकडे लवकरच येऊ.

सखल जागांतलं गवत

तिन्ही शेतांमध्ये काही अरुंद, खोलगट, गवताळ पट्टे दिसतात. त्यांना साइक म्हणतात. पाणी वाहून जाण्याच्या या नैसर्गिक सखल जागा. ओल्या आणि चिकट असल्याने तिथे नांगर घालणं शक्यच नव्हतं. मग त्या गवताला सोडल्या गेल्या आणि गवतावर हक्क सगळ्यांचा राहिला. दर उन्हाळ्यात या गवताचा लिलाव होतो. जो घेतो तो कापून वाळवतो आणि आलेले पैसे गावातल्या हक्कदारांमध्ये वाटले जातात.

शेकडो वर्षं नांगर न लागल्याने साइकांमध्ये रानफुलं आणि गवतांच्या अशा जाती टिकल्या की त्यांना आज शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचं स्थळ म्हणून सरकारी संरक्षण आहे. सांभाळायचं तंत्र सोपं: खत घालायचं नाही, फुलांचं बी पडून गेल्यावरच कापायचं, कापलेलं गवत तिथे कुजू द्यायचं नाही. खत पडलं की दोन-तीन जोमदार गवतं माजतात आणि बाकीच्या जाती दबून जातात. शेजारच्या पट्टीत खत फेकताना यंत्राची कड साइकवर गेली तरी काही वर्षांत फरक दिसतो.

पंच शेतात उतरतात तेव्हा

नियम आहेत म्हटल्यावर ते मोडणारेही आले. त्यासाठी लॅक्स्टनला आजही कोर्ट लीट भरतं. कोर्ट लीट म्हणजे मध्ययुगातल्या जहागिरीचं गावपातळीवरचं न्यायालय. एकेकाळी इंग्लंडभर अशी हजारो होती. हद्दीचे वाद, तुंबलेले नाले, मोकाट जनावरं असली प्रकरणं तिथे निघायची. लॅक्स्टनच्या रस्त्याकडेला मोकाट जनावरांचा कोंडवाडाही आहे, आपल्याकडे ग्रामपंचायतीचा असायचा तसाच.

नोव्हेंबरच्या अखेरीला एका गुरुवारी बारा शेतकऱ्यांची ज्यूरी गव्हाचं शेत तपासायला निघते. गव्हाचंच का? कारण पडीच्या वर्षात ती जमीन वारंवार कुळवली-नांगरली गेलेली असते. नव्याने पेरणी होताना हद्द सरकायची सगळ्यात जास्त शक्यता तेव्हाच. शिवाय नोव्हेंबरात गहू बोटभर उगवलेला असतो. कोणी कुठवर पेरलंय ते हिरव्या ओळीत उघड दिसतं आणि पायाखाली पिकाचं फारसं नुकसानही होत नाही.

ज्यूरी ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून जाते. सोबत ताज्या कापलेल्या लाकडी मेखा, हातोडा, फावडं. पट्टीच्या हद्दीवर जुनी मेख शोधायची. सापडली नाही तर दुसऱ्या टोकाची मेख आणि मधली खूण एका नजरेत घेऊन रेष साधायची, जागा पक्की करायची आणि नवी मेख ठोकायची. हे काम एकट्याचं नाही. एक जण मेख धरतो, दुसरा पन्नास-शंभर पावलांवरून हात हलवून डावी-उजवी सांगतो, तिसरा ठोकतो. मग बघायच्या चार गोष्टी: शेजाऱ्याच्या पट्टीत नांगर गेलाय का, गाडीवाट नांगरली गेलीय का, साइकची कड कोरली गेलीय का, नाला साफ आहे का.

एकेक फूट कोरण्याने काय बिघडतं, हा प्रश्न मराठी शेतकऱ्याला कोणी विचारणार नाही. बांध कोरण्यावरून आपल्याकडे भाऊ-भाऊ कोर्टात उभे राहतात. तरी हिशेब करून बघण्यासारखा आहे. नांगराचं एक तास, म्हणजे नांगरटीची एक ओळ, साधारण फूटभर रुंद. २०० मीटर लांबीच्या पट्टीवर फूटभर सरकलं की ६० चौरस मीटर गेले, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त. दर नांगरटीला असं होत राहिलं तर एका माणसाच्या हयातीत शेजाऱ्याची अरुंद पट्टी निम्मी होईल आणि कुंपण नसल्याने कोणाच्या लक्षातही येणार नाही. बरेचदा यात लबाडीही नसते. ट्रॅक्टर टोकाला वळवताना चाक अर्धा मीटर वाटेवर जातं, पुढच्या खेपेला तोच अर्धा मीटर शेत वाटायला लागतो.

तपासणी झाली की ज्यूरी पबमध्ये बसून कोणावर काय ठपका ठेवायचा ते ठरवते. त्याची लेखी नोंद होते. पुढच्या गुरुवारी गावातल्या डव्हकोट इन या पबमध्येच कोर्ट भरतं. जमीनमालकाने नेमलेला स्टुअर्ड अध्यक्षस्थानी असतो. तो कायद्याचा जाणकार. जमीन धारण करणाऱ्यांच्या नावांची यादी वाचली जाते, दंड मंजूर होतात आणि पुढच्या वर्षीच्या तपासणीसाठी नवी ज्यूरी शपथ घेते. दरवर्षी फक्त गव्हाचं शेत बघायचं असल्याने प्रत्येक शेताची पाळी तीन वर्षांनी एकदा येते.

दंड किरकोळ, मग ऐकतं कोण?

दंड असतो काही पौंडांचा. अर्धा गुंठा जमिनीच्या तुलनेत काहीच नाही. तरीही तो लागू पडतो, याला दोन कारणं.

एक कायद्याचं. १९७७ साली ब्रिटिश संसदेने जुन्या स्थानिक न्यायालयांचे अधिकार एका फटक्यात काढून घेतले. अनेक ठिकाणी कोर्ट लीट नावाला उरली. वर्षातून एकदा झगे घालून मिरवणूक, जेवण आणि फोटो. त्या कायद्यात कोर्ट लीटांचे अधिकार काढताना लॅक्स्टनचा अपवाद नाव घेऊन केलेला आहे. त्यामुळे इथला दंड हा खरा दंड आहे.

दुसरं कारण जास्त कामाचं. दंड ठोठावणारे बारा जण परके नाहीत. याच शेतांत पट्ट्या असलेले शेतकरी आहेत. आज तपासणारा पुढच्या फेरीत तपासला जाणार. तुमच्या पट्टीची कड कोणी कोरली हे भर पबमध्ये वाचून दाखवलं जाणं, ही खरी शिक्षा. मोजणी खात्याचा माणूस येऊन खुणा दाखवून जातो आणि तो गेल्यावर त्या खुणा उपटल्या जातात, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना यातला फरक वेगळा सांगायला नको.

आक्षेप असा येऊ शकतो की हे शेवटी जमीनदाराचं दरबारी न्यायालयच, त्याचं कौतुक कशाला? आक्षेपात तथ्य आहे. या कोर्टाचा जन्म सरंजामी आहे. मूळ हेतू मालकाचे हक्क सांभाळण्याचाही होता आणि मध्ययुगात इथली बरीच कुळं जमिनीला बांधलेली होती. फक्त एवढंच म्हणता येईल की त्या पोटात वाढलेला एक भाग, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची हद्द तपासण्याचा, उपयोगाचा निघाला आणि मालक बदलले तरी टिकला.

बाकी इंग्लंडमध्ये हे संपलं कसं

ज्या प्रक्रियेने खुली शेतं संपली तिला एन्क्लोजर म्हणतात, म्हणजे कुंपणबंदी. काही गावांत ती आपापसांतल्या कराराने झाली. अठराव्या शतकापासून तिला संसदेचं यंत्र मिळालं. गावातले बडे मालक अर्ज करायचे, त्या गावापुरता कायदा व्हायचा, आयुक्त येऊन मोजणी करायचे, विखुरलेल्या पट्ट्यांच्या बदल्यात प्रत्येकाला एक सलग तुकडा द्यायचे आणि ठरलेल्या मुदतीत कुंपण घालायला लावायचे. मतं माणसांची नव्हे, जमिनीच्या मोलाची मोजली जायची. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून जास्त कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडी जास्त जमीन त्यात आली.

सलग शेत झाल्यावर निचऱ्याचे पाट, नवी पिकं, निवडक पैदाशीची जनावरं हे सगळं सोपं झालं, यात शंका नाही. पण ज्याची जमीन नावाला आणि चराईचा हक्क हाच खरा आधार होता, तो माणूस उघड्यावर आला. कुंपणाचा आणि मोजणीचा खर्च न झेपल्याने लहान खातेदारांनी आपला वाटा विकला. प्रगती की लूट, यावर इंग्लंडमध्ये अजून भांडण आहे. माझ्या मते दोन्ही एकाच वेळी घडलं आणि फायदा कोणाच्या पदरात पडला हे कागदावर आधीच ठरलेलं होतं.

मग लॅक्स्टन कसं सुटलं

कोणाच्या दूरदृष्टीने नव्हे. लॅक्स्टनची जमीन एकोणिसाव्या शतकात मुख्यतः दोन बड्या उमरावांमध्ये, अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो यांच्यात विभागलेली होती. शिवाय काही लहान स्वतंत्र मालक होतेच. अदलाबदलीवर त्यांचं एकमत होईना. पुढे शेतीत मंदी आली आणि कुंपणावर पैसा घालण्यात अर्थ उरला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्स जहागिरीने शेजारशेजारच्या छोट्या पट्ट्या जोडून मोठ्या केल्या. म्हणजे लॅक्स्टनमध्येही एकत्रीकरण झालंच, पण पद्धत न मोडता.

जुनी स्थिती काय होती ते कळतं एका नकाशामुळे. १६३५ साली मार्क पियर्स या मोजणीदाराने तेव्हाचे मालक सर विल्यम कोर्टन यांच्यासाठी गावाचा नकाशा काढला. त्यात दोन हजारांहून जास्त पट्ट्या एकेक करून दाखवल्यात, सोबतच्या वहीत कोणती पट्टी कोणाची हेही लिहिलंय. मोकळ्या जागांत नांगर धरलेली, कापणी करणारी माणसं आणि शिकारीची चित्रं आहेत. नकाशा आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. आजच्या शेतवाटा त्यावर ठेवून पाहिल्या तर कितीतरी ठिकाणी जुळतात.

१९५२ साली अर्ल मॅनव्हर्सने ही मालमत्ता कृषी मंत्रालयाला विकली, पद्धत टिकावी या अपेक्षेने. १९८१ साली ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजघराण्याच्या नावाने असलेल्या पण सरकारी खजिन्यासाठी चालणाऱ्या संस्थेकडे गेली. २०२० साली तिनेही ती थोर्सबी इस्टेटला विकली. थोर्सबी म्हणजे मॅनव्हर्स घराण्याचीच जुनी जहागीर. जमीन ६८ वर्षांनी जवळपास फिरून मूळ घरी आली.

आजच्या यंत्रयुगात हे परवडतं का?

अरुंद पट्टीवर मोठं हार्वेस्टर चालवायचं म्हणजे वेळ वळण्यातच जातो. फवारणी करताना वाऱ्याने औषध शेजाऱ्याच्या पिकावर जातं. एका पट्टीतून दुसरीकडे जाताना डिझेल जळतं आणि यंत्राला चिकटलेलं तणाचं बी शेतभर पसरतं. हे तोटे खरे आहेत आणि लॅक्स्टनचे शेतकरी ते सोसतात.

दुसरी बाजू अलीकडे पुढे आली. पूर्व आणि मध्य इंग्लंडच्या भारी जमिनींत ब्लॅकग्रास नावाच्या तणाने गहू उत्पादकांना जेरीला आणलंय. अनेक तणनाशकं त्याच्यावर चालेनाशी झालीत. हे तण मुख्यतः शरद ऋतूत उगवतं. दरवर्षी शरदातच गहू पेरला की दोघं बरोबर वाढतात. मध्ये वसंत पीक आणि एक वर्ष पड आली तर उगवलेलं तण बी धरायच्या आत मारता येतं. कृषी सल्लागार आज हाच उपाय सांगतात. लॅक्स्टनमध्ये तो सक्तीचाच आहे.

जपायचं म्हणजे नक्की काय?

इंग्लंडमध्ये वारसा जपायला कायदे कमी नाहीत. चर्चसारख्या इमारती संरक्षित यादीत असतात. किल्ल्याचा टेकाड संरक्षित स्मारक. गावाचा रस्ता आणि त्याच्याकडे भिंतीची कड करून उभी असलेली शेतघरं संवर्धन क्षेत्रात. तिथे खिडकी बदलायची तरी नियम बघावे लागतात. साइकांना निसर्गाचं संरक्षण. पण नोव्हेंबरात मेखा ठोकत फिरणं, तीन वर्षांचा क्रम पाळणं, याला यातला कोणताच कायदा लागू होत नाही. युनेस्कोचा अमूर्त वारशाचा करार २००३ सालचा. ब्रिटन त्यात सामील झालं थेट २०२४ साली. तोवर चालीरीती आणि कौशल्यं जपण्याचा विचार सरकारी चौकटीत जवळजवळ नव्हताच. लॅक्स्टनची पद्धत उभी आहे ती कुळांशी केलेल्या करारांतल्या अटींवर, कोर्टावर आणि मालकाच्या शब्दावर.

आणि माणसांवर. इमारत रिकामी पडली तरी काही दशकं उभी राहते. ही पद्धत तशी राहू शकत नाही. शेतघरं इथे रस्त्याकडेला आहेत, कारण जमीन तिन्ही दिशांना विखुरलेली असल्यावर मधल्या गावात राहणंच सोयीचं. पण गावातल्या अशा घराला शहरातून आलेल्या माणसाकडून शेतकऱ्याला न परवडणारी किंमत मिळते. एकेक खातं मोठ्या खात्यात विलीन झालं तर यंत्रांची अडचण सुटेल, पण बारा जणांची ज्यूरी भरायला बारा शेतकरी उरणार नाहीत. दोन-तीन जणांनी मिळून सगळी शेतं कसली तर शेजाऱ्याची हद्द तपासण्यात अर्थच काय? म्हणून इथल्या मालकापुढचा खरा प्रश्न नव्या माणसाला कूळ म्हणून घ्यायचं की जमीन आहे त्याच्याच हाती वाढवायची, हा आहे. डेव्हनमधलं ब्रॉन्टन ग्रेट फील्ड किंवा लिंकनशायरमधला अ‍ॅक्सहोमचा भाग बघितला तर पट्ट्या अजून दिसतात, पण गावाने मिळून पाळायचा पीकक्रम आणि तो राखणारं कोर्ट तिथे उरलेलं नाही.

बघायला जायचं असेल तर

लेस्टर, नॉटिंगहॅमकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना ही एका दिवसाची सहल आहे. रेल्वेने न्यूआर्क किंवा रेटफर्डपर्यंत जाता येतं. पुढे गाडी लागते. पबशेजारी माहिती देणारं छोटं केंद्र आहे, सुरुवात तिथून करावी. मग मिल फील्डकडे जाणारी वाट धरावी. पट्ट्या ओळखायच्या तर मे-जून बरा. वसंत पिकाच्या शेतात शेजारच्या पट्ट्यांत वेगळी पिकं असली तर कुंपण नसूनही रंगांनी हद्द कळते. ऑगस्टनंतर सगळं कापलेलं असतं आणि पट्ट्या वेगळ्या करता येत नाहीत. वाट सोडून पिकात शिरू नये, साइकमध्ये गवत उभं असेल तर तेही तुडवू नये. ते कोणीतरी लिलावात घेतलेलं असतं. हिवाळ्यात गेलात तर घोट्याच्या वर येणारे बूट हवेत, कारण ही चिकणमाती बुटाला लागली की सहज सुटत नाही.